हार घातलेली तसबीर

रनाळ्याच्या एका बड्या शेतकऱ्याने वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी माझ्याकडून त्यांची तसबीर काढून घेतली. नंदुरबारात मी तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरत होतो. माणसाचा चेहरा रंगवायला मिळतोय याचाच इतका आनंद झाला, की पंचवीस रुपये ठरले तरी आगाऊ एक पैही मागितली नाही. बोटाएवढ्या फोटोवरून महिनाभर डोळे फोडले आणि तसबीर मांडीवर धरून बैलगाडीने पोचवली.

"वा! बाबाच बठेल शे!" मालक म्हणाले. मला पंगतीत आग्रह करकरून वाढलं. पैसे मात्र कापूस विकल्यावर.

कापूस विकला गेला. मग दिवाळी झाली की, मग धाकटा भाऊ परत आला की. चौथ्या खेपेला मालक तसबिरीकडे बघत म्हणाले, "नाक काय जमनं नही, पेंटर."

"मग परत द्या, दादा."

"परत कशी देऊ? हार चढी ग्या तिले. आते ती देव शे."

त्यांची म्हातारी आई कोपऱ्यात ज्वारी पाखडत होती. ती मुलाला म्हणाली, "नाक तेसनंच शे, भाऊ. देई टाक तेले पैसा."

"तुले काय दिसस?" मालक तिच्यावर खेकसले. आत गेले आणि पैशांऐवजी एक कोट घेऊन आले. "हाऊ ले. बाबाना शे, लोकरना."

ज्याचं एकेक बटण मी रंगवलं होतं तोच कोट. कॉलर तेलकट, छातीवर औषधाचे ओघळ, आंबट वास. त्या कोटाहून जास्त किळस वाटली ती माझी स्वतःची, कारण थंडीचे दिवस होते आणि माझा हात पुढे झाला होता. कोट ओट्यावर टाकला आणि निघालो. ते पंचवीस बुडाले ते बुडालेच.

पुढे निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय मी ब्रशला हात लावेना. खापर गावचा एक व्यापारी यावर भडकला. "इस्वास नही का?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने कमरेची पिशवी सोडली आणि पैसे मोजून दिले. इतकं सोपं होतं ते! आनंद व्हायचा सोडून मला संताप आला. इतकी वर्षं कामाच्या पैशांसाठी लोकांच्या ओट्यांवर हात जोडून उभा राहिलो होतो, त्याची शिसारी आली.