पाठकोरी गुणपत्रिका

आमच्या घरमालकीण अक्कांच्या घरातून कचरा म्हणून काही बाहेर पडलेलं मी कधी पाहिलं नाही. वाढवून सांगतोय असं वाटेल. पण शाहूवाडीकडच्या खेड्यातून अकरावीसाठी कोल्हापुरात आलो आणि त्यांच्या मागच्या खोलीत राहू लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात मी दातांचा झिजलेला ब्रश टाकून दिला, तर अक्का तो हातात घेऊन दारात उभ्या. "मेला व्हय रं ह्यो?" मी घाबरून नाही म्हणालो. तो ब्रश पुढं वर्षभर कंगवे घासत होता; केस झडल्यावर त्याची दांडी परकराला नाडी ओवायला गेली. दुधाच्या पिशव्या चिरून, धुऊन दोरीवर वाळायच्या आणि पावसाळ्यात त्यांचीच डोक्यावर घ्यायची खोळ व्हायची. पण अक्कांचा खरा जीव पाठकोऱ्या कागदांवर. लग्नपत्रिका, कॅलेंडरची पानं, माझी चुकलेली गणितं, काहीही एका बाजूनं कोरं दिसलं की साखरेच्या पोत्याच्या दोऱ्यानं शिवून वही तयार. "वीस वर्सं झाली, वही इकत आणली न्हाय," हे त्या पावण्यारावळ्यांना ऐकवायच्या.

बारावीची गुणपत्रिका मिळाली तेव्हा एसटीत भिजेल म्हणून ती टेबलावर ठेवून मी गावी गेलो. झाडलोटीसाठी किल्ली अक्कांकडं. परतलो तो बी.एस्सी.च्या प्रवेशाचा शेवटचा दिवस, आणि गुणपत्रिका गायब. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. अक्कांनी शांतपणे नवी वही पुढं केली. तिसऱ्या पानावर माझं नाव, माझे गुण. पान उलटलं, तर अक्कांच्या अक्षरात साबुदाणा पाव किलो, जिरं, उदबत्ती.

"अक्का, ही माझी गुणपत्रिका!"

"आगं आई गं! इंग्रजीत हुतं रं, मला काय कळतंय? पाठकोरी दिसली, शिवली." त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच पडलेला ऐकला.

दोरा उसवून त्या माझ्याबरोबर कॉलेजात आल्या. कारकुनानं कागद उलटला. "काय रे, किराणा दुकानात प्रवेश पाहिजे काय?" अक्का कडाडल्या, "सायेब, मार्कं फुडं हाईत. मागं कशाला बघतायसा? चूक माझी हाय, पोराची न्हाय. मारा शिक्का." तो हसला आणि शिक्का मारला. मी श्वास सोडतोय तोच अक्का त्याच्या कचऱ्याच्या टोपलीवर वाकल्या. "ही चुकलेली फारमं टाकायची हाईत व्हय?"

आता माझं शेवटचं वर्ष. गुडघे धरल्यामुळं अक्का गडहिंग्लजला लेकीकडं गेल्या. मागं राहिलेल्या आम्हा भाडेकरूंची कचऱ्याची बादली रोज दुपारीच भरते. शिष्यवृत्तीसाठी गुणपत्रिकेच्या पुढच्या बाजूच्या झेरॉक्स मी कितीदा काढल्या. परवा पहिल्यांदाच मागच्या बाजूची काढली. दुकानदारानं विचारलं, "ही यादी कशाला?" मी सुटे पैसे पुढं केले. ती झेरॉक्स पाठकोरी आहे, पण तिच्यावर काही लिहायला हात होत नाही.