विमान वर असताना झाडू नये

त्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून धावपट्टी झाडली. ती डावी बाजू, मी उजवी. खडा राहिला तर विमानाच्या पंख्यात उडतो, म्हणून रोज खराटा मारावा लागे. अमरावतीबाहेरची ती लहान धावपट्टी, अन् तिच्यावर आम्हा नवरा-बायकोची नोकरी. लेकरूबाळ नव्हतं.

त्या साली पाऊस दडी मारून बसला. भातकुलीकडं दुबार पेरणीही वाळली. मग ढगांतून पाणी पाडायला एक बारकं विमान आलं. चालवणारा पोरगाच होता. निघताना माझी बायको त्याच्या हातावर दही घालायची, अन् तो उतरेपर्यंत खराटा शेडच्या भिंतीला टेकवून ठेवायची.

धावपट्टीचा साहेब चिडायचा. "बाई, विमान गेलं, आता तरी शेडपुढं झाडा."

"माणूस गावाले गेला की मागून झाडता का तुमी तुमच्या घरी?" ती म्हणायची. "येऊ द्या त्याले."

भीती तिला पोरानंच घातली होती. एकदा चहा पिता पिता तो म्हणाला, "आई, वर ढगात बर्फाहून थंड पाणी असतं. तरी पाणीच. विमानाला लागलं की जागेवर गोठतं. पंखावर खरखरीत थर बसला की पंख हवा धरत नाही. मोठ्या विमानाला तो घालवायची सोय असते, आमच्या बारक्याला पुरती नाही. लवकर खाली उबेत यायचं, एवढंच हातात."

मी हसलो. "वऱ्हाडात बर्फानं कोणी मरते का?"

"मंग गारा काय जमिनीतून निघते?" ती म्हणाली. ती काही हसली नाही.

त्या दिवशी अकोटच्या अंगाला काळा ढग होता. विमान तिकडं गेलं अन् यायची वेळ टळून गेली. ती उन्हात उभी.

"बस वं जरा."

"तुमी बसा. मी पाहून राहिली."

शेवटी आलं. धाडकन टेकलं. पोरगा उतरला. समोरची काच पांढरी झाली होती म्हणे, काही दिसत नव्हतं. खाली येता येता बर्फ गळाला, पण पंखाच्या कडेला एक तुकडा चिकटून होता. तिनं तो तळहातावर घेतला.

"एवढासा," ती म्हणाली. विरघळेपर्यंत धरून ठेवला. मग ओला हात पदराला पुसला, खराटा उचलला अन् शेडच्या पायरीवर छाती धरून बसली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

दिवस मावळायच्या आत तिला नेलं. पोरानं खांदा दिला. परत आलो तर शेजारच्या बायांनी घर झाडून, धुऊन काढलेलं. रीतच आहे तशी, गेलेलं माणूस काही परत यायचं नसतं. पण माझ्यानं त्या ओल्या फरशीवर पाय टाकवेना.

सकाळी ढग पुन्हा आले. मी धावपट्टीवर गेलो.

"बाबा, आज राहू द्या," पोरगा म्हणाला. "दुसरा कोणी झाडेल."

"अन् खडा राहिला तं?"

माझी बाजू झाडली. मग तिची झाडली. सुतक होतं, म्हणून त्याच्या हातावर दही घातलं नाही. विमान उडालं. साहेब शेडपुढला कचरा ओलांडून आत गेला. मी खराटा भिंतीला टेकवला, ती टेकवायची तिथंच, अन् ती उभी राहायची तिथं जाऊन उभा राहिलो.