खाटेच्या पायाखालचा ब्लॉक

९ फेब्रुवारी, रविवार. सोलापूरच्या घरातलं उरलंसुरलं सामान बाहेर काढते आहे. उद्या किल्ल्या नव्या मालकाला द्यायच्या.

सहा वर्षांपूर्वी याच दारातून मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पुण्याला नेलं. टेम्पो बोळाच्या तोंडाशी उभा होता. अण्णा उंबऱ्यात थांबले, हातात एक जस्ताचा ब्लॉक.

"एवढा एक घेऊ का गं शाले? वजन लई न्हाय त्याचं."

"अण्णा, फ्लॅट लहान आहे. धातूचं काही नको म्हटलं ना? कागदावरची चित्रं तेवढी घ्या."

"बरं," म्हणून ते आत गेले आणि रिकाम्या हातानं बाहेर आले.

अण्णा पोरवयात मोहोळहून सोलापुरात आले. आधी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग एका साप्ताहिकात व्यंगचित्रं काढू लागले. तोवर गावात ते कुणी करत नव्हतं. त्यांनी काढलेलं चित्र जस्ताच्या पत्र्यावर उलटं कोरलं जायचं, पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला जायचा, आणि तो ब्लॉक छपाईला लागायचा. साप्ताहिक बंद पडलं तेव्हा सगळे ब्लॉक घरी आले. नगरसेवक, गिरणीचे मुकादम, टँकरभोवतीची भांडणं, असं अख्खं सोलापूर आमच्या माळ्यावर उलटं पडून होतं. ते भंगारात द्या, असं मी फोनवरून सांगितलं. त्यांनी दिलं.

पुण्यात महिनाभरानं मी म्हटलं, "सामानातली ती कागदावरची चित्रं बाहेर काढा, फ्रेम करून लावू."

"कागद वाळवीनं कवाच खाल्ले की. म्हणून तर ब्लॉक ठिवले हुते."

"मग बोलला का नाहीत?"

"तू घाईत हुतीस."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

अण्णा लिफ्ट चालवायला शिकले, व्हिडिओ कॉल करायला शिकले. चित्र मात्र काढलं नाही. सोसायटीनं पार्किंगसाठी पाटी मागितली, ती रंगवून दिली. अक्षरं देखणी होती. पाट्यांपासून सुरुवात केलेला माणूस पाटीवरच थांबला. गेल्या वर्षी ते पुण्यातच वारले.

आई-वडिलांना शहरात नेणाऱ्या माझ्यासारख्यांना एवढंच सांगते. सामान कमी करताना, हे काय आहे, असं एकदा विचारा. मी विचारलं नाही.

आज खाट उचलायला शेजारच्या पद्मक्का आल्या. त्यांच्याकडे यंत्रमाग आहेत, आणि त्या अण्णांच्या जुन्या ओळखीच्या. खाटेला हात लावताच त्या थबकल्या.

"ही डुगडुगती कशी काय? मी किती येळा बसले हाय हिच्यावर. अशी नव्हती की कधी!"

वाकून पाहिलं. मागच्या पायाखाली ब्लॉक होता. काढला तर खाट घट्ट बसली.

"अण्णांनी फशिवलं की तुला!" अक्का हसल्या, आणि लगेच पदर तोंडाला लावला. "भंगारवाला आला त्या दिवशी एकेक ब्लॉक रॉकेलनं पुसून दिला गं त्यांनी. म्हणले, पोरीला घाण चालत न्हाय."

मी ब्लॉक ओट्यावर ठेवला आणि भांडी बांधायला घेतली. उलटं, काळवंडलेलं चित्र, काही कळत नव्हतं.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी बुटाचं पॉलिश ब्लॉकवर पातळ चोळलं, वर ओलसर कागद ठेवला आणि वाटीच्या बुडानं घासला. लहानपणी अण्णांनीच दाखवलं होतं.

एसटी स्टँड उमटला. दोन वेण्यांची मी कंडक्टरला बोट दाखवून हुकूम सोडते आहे. खाली ओळ, "आता गाडी वेळेवर सुटणार!" नोकरीसाठी पहिल्यांदा पुण्याला निघाले, त्या दिवसाचं चित्र. तो अंक मी कधी पाहिलाच नव्हता. चित्रात माझ्या मागे अण्णा उभे आहेत, पुढे केलेल्या हातात जेवणाचा डबा.

डबा खरंच राहिला होता. मला ते वाटेत टेंभुर्णीला भूक लागल्यावर कळलं होतं.

दहा वाजता नवा मालक आला. किल्ल्या दिल्या. "काही राहिलंय का तुमचं?" त्यानं विचारलं. नाही म्हटलं. माझं सोलापूरचं घर आता पर्समध्ये मावत होतं, आणि वजन खरंच फार नव्हतं.