चॉपस्टिक्सनं घास देऊ नये

कामासाठी पुढच्या महिन्यात जपानला जायचं आहे. आज ऑफिसात तिथल्या शिष्टाचारांचा वर्ग होता.

चॉपस्टिक्सचा सराव करताना मी उचललेला पनीरचा तुकडा शेजारच्या सईनं तिच्या चॉपस्टिक्सनं धरून घेतला. शिकवणाऱ्या बाई पटकन म्हणाल्या, "अहो, जेवताना असं कधीही देऊ-घेऊ नका! तिकडे दहनानंतर घरातले दोघं-दोघं मिळून अस्थी अशा उचलतात."

"बाप रे! मी आपली हातानंच खाते," सई म्हणाली. सगळे हसले. मला जमलं नाही.

उन्हाळ्यात आई गेली. तिसऱ्या दिवशी दादा धायरीच्या घरून अस्थी सावडायला निघाला, तेव्हा मीही चप्पल घातली होती. "मुली येत नाहीत गं," काका म्हणाले. मी चप्पल काढली.

आज वर्ग संपल्यावर जिन्यातून दादाला फोन केला. त्या दिवसाबद्दल पहिल्यांदाच विचारलं.

"एकट्यानंच सावडल्या," तो म्हणाला. "काका लांब उभे होते. मी दोनदा मागे वळून बघितलं. वाटलं, तू आली असशील."

तुमच्याकडे मुली अस्थी सावडायला जातात का? जात नसतील, तर कोणी अडवतं म्हणून, की माझ्यासारख्या गप्प राहतात म्हणून?