दुसऱ्या बाजूचा गोल

मी व्यावसायिक फुटबॉल खेळलो, असं सांगितलं की भोरमधले लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात. मी बचावपटू होतो. गोल मारायला येणाऱ्यांना अडवायचं आणि हंगाम संपला की बाडबिस्तरा आवरायचा, एवढंच माझं काम. गोवा, कोलकाता, कोची, पुन्हा गोवा. मैदानात धावलो त्यापेक्षा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून कादंबऱ्याच जास्त वाचल्या. आता भोरच्या एका कॉलेजात मुलींच्या संघाचा प्रशिक्षक आहे.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अडवणं हे काम वाटायचंच नाही. वेल्ह्याकडच्या आमच्या गावातून प्रत्येक सामन्यानंतर त्यांचा फोन यायचा. "किती मारलं?"

"आबा, मी अडवतो."

"बांधावरचं कुंपन बी अडवतं. तू किती मारलं?"

एकदाच मारला. तो सामना टीव्हीवर होता आणि आबा कापूरहोळच्या ढाब्यावर जाऊन बसले होते. माझ्या डोक्याला लागून चेंडू जाळ्यात गेला. आबांनी ढाबाभर पेढे वाटले. वाटून झाल्यावर कुणीतरी त्यांना समजावलं, की जाळं आमचंच होतं. मग फोन आला. "मारला ते ब्येस झालं. आता दुसऱ्या बाजूला कधी मारतूस?"

तो योग आला नाही. यंदा उन्हाळ्यात आबा गेले. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तात्या, माझे चुलते, हात जोडून एकेक कबूल करत होते. "म्हातारीला संभाळू. खाचरं इकनार न्हाई." कावळे बाभळीवर बसून नुसते ऐकत होते. शेवटी आत्या माझ्या भादरलेल्या डोक्याकडे बघत म्हणाली, "तुजंच कायतरी राहिलं असंल रं. बोल की."

एवढ्या पाहुण्यांसमोर काय बोलणार? मी पुटपुटलो, "आबा, एक गोल मारीन. दुसऱ्या बाजूला."

कावळा उतरला.

"आयला," तात्या म्हणाले, "ह्यो बी फुटबॉलवालाच निघाला."

मला हसू आलं, आणि मग तोंड धुवायच्या निमित्तानं मी बराच वेळ नदीच्या कडेला बसून राहिलो.

शब्द देताना माझे गुडघे मी विचारात घेतले नव्हते. कॉलेजात शिक्षक विरुद्ध विद्यार्थिनी असा सामना झाला, त्यात आम्हाला पेनल्टी मिळाली. मराठीच्या सरांना बाजूला सारून मी पुढे झालो. तात्या सामन्यासाठी खास एसटीनं आले होते. समोर माझीच गोलरक्षक उभी. तिला सगळं माहीत होतं, कारण तात्यांनी ते अख्ख्या मैदानाला सांगितलं होतं.

"सर," ती हळूच म्हणाली, "सोडू का?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. आबांना काय कळणार होतं? पण जन्मभर मला जे एकच काम आलं, तेच तिला शिकवलेलं.

"सोडू नकोस," मी म्हणालो.

तिनं नाही सोडला. डावीकडे झेपावून असा काही अडवला, की मी टाळी वाजवली. मग आठवलं, चेंडू माझा होता.

"कुंपन ब्येस घातलंयस, लेका," तात्या म्हणाले. "पर आता मारायचा कसा?"

आता दर शनिवारी सरावानंतर मी पेनल्टी मारतो आणि ती अडवते. तात्या येतात. कावळ्याच्या वतीनं कुनीतरी हजर पायजे, म्हणतात.