सकाळी घेतलेली गोळी

“आ कर. आ कर म्हणतो न्हवं?”

वखारीच्या दिवाणजींचं नाक माझ्या ओठांपासून चार बोटांवर. भोवती हळद निवडणाऱ्या बायका, पोती वाहणारे हमाल. आणि मी तोंड उघडलं. श्वास सोडला. त्यांनी हुंगला.

तीन वर्षं झाली. अजून आठवलं की मान खाली जाते.

सांगलीतल्या त्या वखारीत मी हळद निवडायला जायची. हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं. मला दिवस गेले होते, दुसरा महिना. हळदीचा वास आधी कधी जाणवला नव्हता, त्यानं आता पोटात ढवळायचं. पदर तोंडाला लावून मी मागच्या मोरीकडं पळायची. पाण्याचा घोटही टिकेना. शेवटी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. काहीतरी सांगितलंही, पण तोवर मागची बाई मला ढकलून पुढं आली होती. पाकिटावरचं इंग्रजी मला वाचता येत नाही. पुन्हा विचारायची लाज वाटली. उलट्या सकाळी व्हायच्या, म्हणून गोळी सकाळी घेतली आणि कामावर गेले.

दहा वाजता डोळे जड झाले. अकराला मी ढिगावरच कलंडले. जाग आली ती हसण्यानं. मालक मोबाइलवर माझा व्हिडिओ काढत होते.

“सकाळी सकाळी चढवून आलीय,” ते म्हणाले. “यांच्या वस्तीत बायकाही पितात. दिवाणजी, वास घ्या हिचा.”

वास आला नाही. “दारू नसंल, दुसरं कायतरी आसंल,” दिवाणजी म्हणाले. सगळे पुन्हा हसले.

एक शब्द बोलले असते तर तिथंच मिटलं असतं. पण आदल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात माझा गर्भ पडला होता. तीन महिने भरेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं. म्हणून दारुडी ठरले आणि गप्प बसले. घरी न्हाणीत जाऊन रडले. वखारीतलं नवऱ्यालाही सांगितलं नाही.

संध्याकाळी सरकारी दवाखान्याकडून घरोघरी फिरणाऱ्या आशाताई आल्या. पाकीट बघून त्यांनी कपाळाला हात लावला. “अगं बाय, ही रातच्याला झोपताना घ्यायची! झोप येती हिनं.” मग तर मला माझीच लाज वाटली. अडाणी ती अडाणीच, असं वाटलं.

त्या रात्री गोळी झोपताना घेतली. सकाळी भाकरीचा तुकडा पोटात राहिला. वखारीच्या दारात दिवाणजी उभे होते.

“आजपासनं रोज वास द्यायचा. मगच आत.”

माझ्यापुढून तीन हमाल आत गेले. एकाच्या अंगाला रात्रीच्या दारूचा भपकारा येत होता. त्याला कुणी काही म्हणालं नाही. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

माझ्या शेजारी निवडायला बसणारी म्हातारी शांताक्का मागंच उभी होती. माझी अवस्था तिनं केव्हाच ओळखली होती, गोळीचंही येताना मी तिला सांगितलं होतं. ती कुजबुजली, “पोरी, गोळी दाव त्यास्नी. सांगून टाक.”

पाकीट कनवटीला होतं. हात तिथवर गेला आणि थांबला. पोटात मूल आहे म्हणून मला सोडणार? नसतं तर? तर रोज हुंगायचं?

“आदी ह्या गड्यांची तोंडं हुंगा,” मी म्हणाले. “मग मालकांचं. समद्यांचं झालं की माजं.”

“काम पायजे का न्हाई तुला?”

“पायजे. पर तोंड न्हाई देणार.”

 त्यांच्या बाजूनं आत गेले, सूप ओढलं आणि निवडायला बसले. दिवाणजींनी मला पुन्हा आ करायला लावलं नाही. त्या दिवशी जेवायच्या सुट्टीपर्यंत मालकांच्या धाकानं माझ्याशी कुणी बोललं नाही. शांताक्काही नाही.

व्हिडिओ फिरायचा तो फिरलाच. अजून कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये असेल. माझी मुलगी आता अडीच वर्षांची आहे. उद्या तिला कुणी दाखवायच्या आधी मीच सांगणार, की व्हिडिओतली ती बाई मी, आणि त्या दिवशी मी आ केलं होतं.

मी अजून त्याच वखारीत आहे. नवी बाई आली की पहिल्याच दिवशी तिला शेजारी बसवते.

“पोटुशी आसलीस तर उलटीची गोळी कवा घ्यायची ते डॉक्टरला इचार. न्हाई कळलं तर परत इचार, धा येळा इचार. आन् हितं कुणी आ कर म्हणलं तर करू नगंस. मला हाक मार.”

हाक आली की मी सूप खाली ठेवून उठणार.