खातरीकाका आणि ठिपक्यांची चोच

खातरीकाका साळुंकीलासुद्धा साळुंकी म्हणायच्या आधी तीनदा बघायचे. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहाजण चारकोपच्या खाडीवर पक्षी बघायला जमायचो. कुणी उत्साहात एखादं नाव घेतलं, की डोळ्यांवरची दुर्बीण न काढता काका विचारायचे, "खातरी आसा?" त्यामुळे त्यांचं खरं नाव कधीच मागे पडलं.

ते मूळचे मालवणकडचे. चारकोपच्याच औद्योगिक वसाहतीत, एका छोट्या कारखान्यात सुटे भाग तपासण्यात त्यांचा जन्म गेला. केसभर फरक दिसला तरी माल परत. निवृत्तीनंतर तीच नजर त्यांनी खाडीकडे वळवली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दिसेल त्याचं नाव पुस्तकात शोधत सुटलो होतो. त्यांनी पुस्तक मिटवलं. म्हणाले, "माणसांका नावां ठेवतत तशी पक्ष्यांका ठेवू नको रे. आधी पोटभर बघ." पाय, चोच, उडण्याची ढब, सगळं मी त्यांच्याकडूनच शिकलो.

मग एका थंडीत तिवरांपलीकडच्या उथळ पाण्यात झोळीवाला उतरला. झोळीवाला म्हणजे पेलिकन. आमच्या खाडीवर तो सहसा दिसत नाही, त्यामुळे सगळ्यांचीच धांदल उडाली. काका मात्र तासभर जागचे हलले नाहीत. पक्षी चोच बुडवायचा, झोळी भरायचा, मान खाली घालून पाणी गाळायचा आणि मगच मासा गिळायचा. काका हसले. "बघ, आधी पाणी सांडता, मगे गिळता. आपण उलटा करतो."

मी नवा कॅमेरा घेतला होता. मागच्या छोट्या पडद्यावर पक्षी पांढराशुभ्र दिसत होता. मी जाहीर केलं, "गुलाबी झोळीवाला!" नाव गुलाबी असलं तरी तो दिसतो पांढराच. फोटो तिथूनच आमच्या ग्रुपवर टाकला.

"नाय रे," काका म्हणाले. "अंग भुरकट आसा. वरच्या चोचीच्या कडेक ठिपके दिसतत. ह्यो ठिपक्यांच्या चोचीचो. गुलाबी न्हय."

"एवढ्या लांबून ठिपके? काका, आता चष्म्याचा नंबर बदला."

सगळे हसले. मीही हसलो. काकांनी दुर्बीण खाली घेतली, रुमालाने भिंगं पुसली, पुन्हा लावली नाही. "असात बाबा. तुझो कॅमेरो मोठो," एवढंच बोलले.

घरी येऊन फोटो संगणकावर मोठा केला. वरच्या चोचीच्या कडेने निळसर ठिपक्यांची रांग होती, शाई शिंपडावी तशी. तोवर ग्रुपवर माझ्यावर अभिनंदनाचा पाऊस पडला होता. चूक कबूल करायला एक ओळ पुरली असती. रविवारी समोरासमोर सांगू, असं मी स्वतःला समजावलं.

रविवारी काका आले नाहीत. त्यापुढच्याही नाही. फोन केला तर म्हणाले, "गुडघे दुखतत रे." मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

दोन वर्षांनी भाजी बाजारात काकू भेटल्या. काकांना काचबिंदू होता, म्हणाल्या. औषधं चालू होती, तरी गेल्या पावसाळ्यापासून त्यांना दिसेनासं झालं. "आधी जरा धूसर दिसायचं, पण तेवढंच. त्या मोठ्या पक्ष्याच्या दिवशी घरी आले नि म्हणाले, आता माझ्या डोळ्यांवर भरवसो नाय. दुर्बीण पेटीत ठेवली ती ठेवलीच."

मी तसाच त्यांच्यासोबत घरी गेलो. काका खिडकीशी बसले होते. आवाज ओळखून त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला आणि सगळं सांगून टाकलं. ठिपके, फोटो, मी गप्प बसलो ते. ते रागावतील, निदान टोमणा मारतील, असं वाटत होतं.

त्यांनी हळूच विचारलं, "वरच्या चोचीच्या कडेकच होते ठिपके?"

"हो काका. तुम्ही सांगितले तसेच."

"म्हणजे तेव्हा माका नीट दिसत होता." माझ्या हातातला त्यांचा हात सैल पडला. "मगे दिसत होता तितके दिवस मी घरात फुकट बसलंय रे."